घाटावरच्या भूमीच्या कथा : बुलढाणा जिल्ह्यातील स्थलकथांचे संकलन व त्यांचे ऐतिहासिक मूल्य

१. विषय व व्याप्ती

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग तेथील लोकांनी आपल्या बोलण्यात पूर्वीपासूनच पाडून ठेवले आहेत : 'घाटावर' आणि 'घाटाखाली'. अजिंठ्याची डोंगररांग ही या दोहोंमधील सीमा होय. घाटाखाली पूर्णा नदीचे काळ्या मातीचे खोरे पसरले असून त्याचे पाणी तापीवाटे अरबी समुद्रास जाते. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा व देऊळगावराजा या तालुक्यांचे पठार आहे. तेथील बहुतेक पाणी पैनगंगा व खडकपूर्णा यांच्या मार्गाने गोदावरीस मिळून बंगालच्या उपसागराकडे वाहते. जुन्या कागदपत्रांतील बालाघाट व पाईनघाट हा भेद तो हाच.

घाटावरची जमीन पुष्कळ ठिकाणी उथळ, मुरमाड व उताराची आहे. तेथे पाणी आपण होऊन थांबत नाही. ते थांबवावे लागते. त्यामुळे या पठारावर माणसाने वस्ती केली ती भूमीचे रूप पालटूनच. तळी, बारवा, शेतांचे धुरे, नाल्यांवरील बांध, गढ्या व त्यांच्या पायथ्याशी पसरलेली पांढरी ही सर्व त्या पालटाची चिन्हे आहेत. यांपैकी फार थोड्यांवर शिलालेख आहेत व त्याहून थोड्यांचे कागद उपलब्ध आहेत. मात्र कथा बहुतेकांच्या आहेत. 'हे तळे कोणी बांधले?' असे गावात विचारले असता उत्तर मिळत नाही असे क्वचितच घडते. या उत्तराचे इतिहासाच्या अभ्यासकाने काय करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

येथे प्रतिपादन करावयाचे ते थोडक्यात असे : स्थलकथा ही कालनिर्णयाचे साधन म्हणून दुबळी आहे, परंतु श्रम, देखभाल आणि हक्क या तीन गोष्टींविषयी ती जे सांगते किंवा सांगण्याचे टाळते, ते अन्य साधनांत क्वचितच सापडते. आजवरच्या संग्राहकांनी कथेला प्रामुख्याने पहिल्या प्रकारचा प्रश्न विचारला. दुसऱ्या प्रकारचा प्रश्न विचारण्याची वेळ आता निघून जाऊ लागली आहे.

२. पूर्वीचे संग्राहक

स्थळांची माहिती लोकांकडून मिळवून ती लिहून ठेवण्याची परंपरा मराठीस नवी नाही. महानुभाव पंथाची 'स्थानपोथी' हा त्याचा ठळक पुरावा होय. श्रीचक्रधरांचा संचार ज्या गावी झाला तेथील देवळे, त्यांची दारे कोणत्या दिशेस, गावाच्या कोणत्या अंगास कोणते स्थान, अशी नोंद या ग्रंथात सापडते. लोणार व मेहकर ही दोन्ही स्थळे चक्रधरांच्या चरित्रात येतात. ही पोथी संपादून अभ्यासकांपुढे ठेवणारे डॉ. वि. भि. कोलते हे याच जिल्ह्यातील मलकापूर तालुक्यातील नरवेलचे. तिचा हेतू भक्तीचा असला, तरी तिची रीत सर्वेक्षणाची आहे. स्थळ प्रत्यक्ष पाहावे, दिशा नोंदवावी, आणि मग तेथील लीळा सांगावी, हा तिचा क्रम आजच्या संग्राहकानेही अनुसरावा असा आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त लोणारची नोंद घेतली ती उत्पन्नाच्या दृष्टीने. काच व साबण यांस लागणारे द्रव्य तेथे मिळते व त्यापासून सरकारास वसूल येतो, हे त्यास महत्त्वाचे वाटले. इ.स. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आल्यानंतर आल्फ्रेड लायल याने १८७० मध्ये वऱ्हाडचे गॅझेटिअर सिद्ध केले. १९१० मध्ये नेल्सन याने संपादिलेले बुलढाणा जिल्ह्याचे गॅझेटिअर प्रसिद्ध झाले. या ग्रंथांत अनेक दंतकथा आल्या आहेत, परंतु त्या बहुधा प्रेक्षणीय स्थळांच्या वर्णनास शोभा म्हणून. १९२४ मध्ये या. मा. काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' प्रसिद्ध झाला आणि प्रांताच्या राजकीय इतिहासाची बांधणी मराठीत झाली.

या चारही प्रयत्नांचे ऋण मोठे आहे. मात्र प्रत्येकाने आपल्या प्रयोजनास अनुरूप असेच विचारले. पोथीने पावित्र्य विचारले, आईनने वसूल, गॅझेटिअरने प्राचीनता आणि इतिहासकाराने राज्यसत्ता. माती कोणी वाहिली, गाळ कोणी काढला व पाणी कोणास मिळाले, हा प्रश्न चारही ठिकाणी जवळजवळ विचारलाच गेला नाही. इंग्लंडमध्ये हॉस्किन्स याने १९५५ मध्ये भूदृश्य हेच ऐतिहासिक साधन मानून ग्रंथ लिहिला. १९६१ मध्ये व्हान्सिना याने आफ्रिकेतील मौखिक परंपरेच्या चिकित्सेची पद्धती मांडली. १९६२ मध्ये दा. ध. कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरातील देवस्थाने व पायवाटा यांचा प्रत्यक्ष हिंडून घेतलेला शोध ग्रंथरूपाने पुढे आणला. या तिन्ही दृष्टींचा संगम घाटावरच्या पठारावर करून पाहण्यास भरपूर वाव आहे.

३. कर्त्याची कथा

स्थलकथांचा सर्वांत मोठा वर्ग 'कर्त्याच्या कथा' असा म्हणता येईल. त्यांत एखादी अचाट शक्ती एका कृतीने भूमीस रूप देते. लोणारची कथा हा त्याचा प्रसिद्ध नमुना होय. लवणासुर नावाचा दैत्य भूमीखाली दडून राहत असे. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याच्या विवराचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडविले व त्यास मारले. ते झाकण नैऋत्येस सुमारे ३६ मैलांवर डाकेफळजवळ जाऊन पडले व त्याची टेकडी झाली. दैत्याचे रक्त म्हणजे सरोवराचे पाणी आणि त्याचे मांस म्हणजे तेथील क्षार.

शास्त्राच्या दृष्टीने हे विवर बेसाल्ट खडकावर उल्केच्या आघाताने झालेले आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून आघाताविषयीचा निर्णायक पुरावा १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा कथा खोटी ठरली, असे म्हणून तिला बाजूस सारणे सोपे आहे. परंतु कथा काय काय जोडते ते पाहिले पाहिजे. गावातील दैत्यसूदनाचे देऊळ, सरोवराचे खारे पाणी, काठावरचा क्षार आणि दूरची एक टेकडी ही तिने एका सूत्रात ओवली आहेत. 'डाकेफळ' या नावाचा 'झाकणा'शी लावलेला संबंध भाषाशास्त्रदृष्ट्या टिको वा न टिको. लोणारच्या लोकांच्या कल्पनेतील प्रदेश कोठवर पसरला होता, याची खूण त्यात आहे.

या कथेत एक उणीव आहे व ती अर्थपूर्ण आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर क्षार काढणारा माणूस तिच्यात कोठेच नाही. आईनच्या नोंदीतही तो नाही. तेथे केवळ वसूल आहे. त्या माणसाचा माग लागतो तो क्षारांच्या जातींच्या नावांत. डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावे गॅझेटिअरांत आली आहेत. ढेकूळ कोणते, थर कोणता व भुसभुशीत माल कोणता, हे हाताने पारखणाऱ्यांनीच अशी नावे पाडली असणार. पुराणात व दफ्तरात जो आढळत नाही, तो शब्दांत आढळतो. म्हणून कथेबरोबर तिच्या परिसरातील कामाचे शब्द गोळा करणे हे संकलनाचे अनिवार्य अंग मानले पाहिजे.

दुसरा नमुना हेमाडपंताचा. लोणार, मेहकर, सातगाव, साकेगाव, कोथळी येथील जुन्या दगडी देवळांस लोक सरसकट 'हेमाडपंती' म्हणतात. हेमाद्री हा महादेव (१२६१–१२७१) व रामचंद्र (१२७१–१३११) या यादव राजांचा मंत्री. परंतु कथेतील हेमाडपंत निराळा आहे. तो लंकेच्या बिभीषणास बरे करणारा वैद्य आहे व बक्षीस म्हणून मिळालेल्या राक्षसांकडून तो देवळे बांधून घेतो. एका रात्रीत काम व्हावयाचे, कोंबडा आरवला म्हणून ते अपुरे राहिले, हा भागही अनेक गावी जोडला जातो. येथे कालनिर्णयाच्या दृष्टीने हाती काही लागत नाही. मात्र एवढा मोठा दगड उचलण्यास 'राक्षस' लागले असे सांगणारा समाज श्रमाच्या प्रचंडतेची कबुली देत आहे, आणि त्याच क्षणी श्रम करणाऱ्यास मनुष्यकोटीतून वगळत आहे. या दोन्ही गोष्टी इतिहासाच्याच आहेत.

मेहकरच्या कंचनीच्या महालाची कथा याच वर्गातील, परंतु तिचा रोख निराळा आहे. महालाच्या माथ्यावरून लोणारच्या कमळजा देवीचा दिवा दिसावा, अशी कंचनीची इच्छा होती. देवीच्या कोपाने ती दगड झाली व महाल अपुरा राहिला, असे सांगतात. कमळजेचे देऊळ विवराच्या तळाशी, सरोवराच्या काठी आहे. बाहेरच्या सपाटीवरून ते दिसत नाही. ज्याने ही कथा रचली त्यास दोन्ही स्थळांची उंचसखलता पक्की ठाऊक होती, आणि अशक्य कोटीतील इच्छा कोणती याची नेमकी निवड त्याने केली. अशा कथा भूगोलाच्या निकट परिचयाशिवाय संभवत नाहीत.

४. श्रमाची स्मृती

कर्त्याच्या कथा मोठ्याने सांगितल्या जातात. श्रमाच्या आठवणी विचारल्यावाचून बाहेर येत नाहीत. जिल्ह्याच्या नावाचेच उदाहरण घेता येईल. 'बुलढाणा' हे नाव 'भिलठाणा', म्हणजे भिल्लांचे ठाणे, यावरून आले असे परंपरा सांगते. ही व्युत्पत्ती मान्य केली अथवा न केली, तरी एक प्रश्न उरतोच : नावाच्या कथेत ज्यांना मूळ रहिवासी म्हटले आहे, ते पुढच्या तळ्यांच्या, देवळांच्या व गढ्यांच्या कथांत कोठे गेले? कथेतील अनुपस्थिती हीसुद्धा नोंद करण्याजोगी वस्तू आहे.

या संदर्भात संत चोखामेळा यांच्या परंपरेचे महत्त्व विशेष आहे. त्यांचे जन्मस्थान देऊळगावराजा तालुक्यातील मेहुणाराजा हे मानले जाते. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून अन्य मजुरांसह त्यांचा अंत झाला. हा काळ शके १२६०, म्हणजे इ.स. १३३८. संतचरित्रकारांनी हा प्रसंग भक्तीच्या महिम्यासाठी सांगितला. नामदेवांनी विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून त्यांच्या अस्थी ओळखल्या हा त्याचा कळस होय. परंतु त्या कथेच्या पोटात दुसरी एक साक्ष सुरक्षित राहिली आहे. गावाच्या संरक्षणाची भिंत गावकुसाबाहेर राहणाऱ्यांनी बांधली, आणि तिच्याखाली गाडले गेले तेही तेच. ही साक्ष संतत्वाच्या आधाराने टिकली. ज्यांना तो आधार लाभला नाही, अशा असंख्य मजुरांची नावे कोणत्याच पोथीत नाहीत. आज खडकपूर्णेवरील मोठ्या जलाशयास संत चोखामेळा सागर असे नाव आहे. भूमीचे रूप पालटणाऱ्या एका प्रचंड कामास मजुराचे नाव मिळाल्याचे असे उदाहरण विरळा.

घाटावर दगडमातीचे काम करणाऱ्या जातींत वडार व बेलदार यांचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. वडारांतील गाडी वडार, माती वडार व पाथरवट हे पोटभेद कामावरूनच पडले आहेत. या समाजांचे जीवन फिरतीचे असल्यामुळे त्यांची स्मृती एका गावाशी बांधलेली नसते. ती कामांच्या मालिकेशी बांधलेली असते. गाव आपल्या तळ्याची कथा सांगते, तर वडार कुटुंब पिढ्यापिढ्यांत केलेल्या कामांची वाट सांगते. गावोगावच्या संकलनात ही दुसरी साक्ष निसटते. यासाठी संकलनाचा घटक गावाबरोबर कुटुंब व तांडा हाही धरावा लागेल.

५. देखभाल व हक्क

सिंदखेडराजा येथे मोती तलाव, चांदणी तलाव, सजना बारव व पुतळा बारव ही जलस्थाने लखुजी जाधवरावांच्या घराण्याच्या वैभवाशी जोडली जातात. जिजाबाईंचे जन्मस्थान म्हणून या गावाचे महत्त्व सर्वश्रुत आहे व १६२९ मध्ये देवगिरीस झालेल्या लखुजींच्या वधामुळे त्याच्या इतिहासास करुण छटाही आली आहे. स्वाभाविकच तेथील प्रत्येक दगडाची कथा राजघराण्याकडे वळते. परंतु तलाव बांधून पुरा होतो तेव्हा त्याचा इतिहास संपत नाही. तो सुरू होतो. लखुजींनंतर जवळजवळ चार शतके गेली. या काळात गाळ कोणी उपसला, सांडवा कोणी दुरुस्त केला, बारवेवर मोट लावण्याची पाळी कोणाची होती, कोणास पायरीवर उतरण्यास मज्जाव होता, या प्रश्नांची उत्तरे राजवंशाच्या इतिहासात मिळणार नाहीत.

अशी उत्तरे कथेत मिळतात ती हक्काच्या रूपाने. अमक्या घरास पहिले पाणी, अमक्या दिवशी तळ्याची पूजा व त्याचा मान अमक्याचा, अमक्या वाटेने गुरे जावयाची, असे कथन वरवर कर्मकांडाचे दिसते. वस्तुतः तो वाटणीचा करार असतो. विदर्भात तो ताडून पाहण्याची चांगली सोय आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद विदर्भासाठी आहे. पहिल्यात बिनभोगवट्याच्या जमिनीवरील चराई, लाकूड, सरपण यांची व्यवस्था असते. दुसऱ्यात सिंचन, वहिवाटीची वाट व मासेमारी यांविषयीचे गावातील रिवाज नोंदले जातात. गावात सांगितली जाणारी कथा आणि महसुली दप्तरातील रिवाज यांत जेथे मेळ बसतो तेथे कथेला आधार मिळतो. जेथे विरोध दिसतो तेथे प्राचीन कलहाचा सुगावा लागतो. अभ्यासकास दुसरे स्थळ पहिल्याहून अधिक मोलाचे वाटले पाहिजे.

६. १९७२ ची साक्ष

घाटावरच्या भूमीत जिवंत स्मृतीच्या टप्प्यातील एक मोठा फेरपालट १९७२–७३ च्या दुष्काळाने झाला. दुष्काळी कामांवर हजारो हात लागले. पाझर तलाव, नाला बांध, शेतांची बांधबंदिस्ती व रस्ते ही कामे महाराष्ट्रभर झाली. त्यांतून रोजगार हमीची कल्पना दृढ होऊन १९७७ मध्ये तिचा कायदा संमत झाला. खडी फोडणे, सुकडीचे वाटप, 'मिलो' या लाल ज्वारीची भाकर या गोष्टी त्या पिढीच्या बोलण्यात आजही येतात. या कामांवर स्त्रियांची संख्या मोठी होती.

हजेरीपटावर मजुरांची नावे होती, परंतु असे कागद दीर्घकाळ जपण्याची रीत नाही. तेव्हा कोणत्या माळावरची माती कोणत्या बांधावर गेली, ही माहिती आता बहुतांशी त्या मजुरांपाशीच आहे. त्या वेळी वीस वर्षांची असलेली स्त्री आज सत्तरी ओलांडून गेली आहे. हेमाडपंताच्या कथेत मजुरांचे राक्षस कसे झाले हे आपण पाहू शकत नाही. ते स्थित्यंतर कित्येक शतकांपूर्वी घडून गेले. १९७२ च्या बाबतीत मात्र ते आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे. 'हा तलाव दुष्काळात झाला' असे नातवंडे म्हणू लागली आहेत. या वाक्यात दुष्काळ हाच कर्ता झाला असून आजी गळून पडली आहे. कर्त्याची कथा घडण्याची क्रिया ती हीच. आणि श्रमाची स्मृती लुप्त होण्याची क्रियाही हीच.

७. संकलनाची पद्धती

यावरून संकलनाविषयी काही नियम सुचविता येतात. पहिला असा की कथा स्थळावर उभे राहून घ्यावी. चावडीत सांगितलेली कथा व बांधावर सांगितलेली कथा यांत अंतर पडते. बांधावर सांगणाऱ्यास हाताने दाखवावे लागते व त्यामुळे ऐकीव भाग वेगळा होतो. दुसरा नियम, 'कोणी बांधले?' हा प्रश्न शेवटी विचारावा. प्रथम 'फुटले तेव्हा कोणी सांधले?' असे विचारावे. तिसरा, एकाच स्थळाची कथा गावातील निरनिराळ्या आळ्यांतून, पुरुषांकडून तशीच स्त्रियांकडून घ्यावी व त्यांतील भेद पुसून एक 'प्रमाण' कथा तयार करू नये. चौथा, सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीनेच नोंदवावे, कारण पाण्याची व वाटेची कथा ही पुष्कळदा चालू तंट्यातील साक्ष असते.

पाचवा नियम छापील प्रभावाविषयी. लोणारची कथा गेले शतकभर पुस्तकांतून व वाटाड्यांच्या तोंडून फिरत आहे. गावात ऐकलेली कथा गॅझेटिअरातूनच परत आली नसेल, याची खात्री करून घ्यावी लागते. याच्या उलट लोकस्मृतीचा चिवटपणाही दिसतो. १७२४ मध्ये साखरखेर्डा येथे निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला व गावास फत्तेखेर्डा हे नाव दिले. विजेत्याचे नाव इतिहासग्रंथांत राहिले. गावाने आपले जुने नाव सोडले नाही.

सहावा नियम जमिनीच्या पुराव्याचा. गाव ओस पडून त्याचे रीठ झाल्याची कथा कानी आली म्हणजे काळ्या रानातील पांढरी माती, खापरांचे तुकडे, शेतात एकटा उभा असलेला मारुती व मोजणीच्या नकाशातील शेतांची नावे पाहावी. कथेने बोट दाखवावे व जमिनीने होकार द्यावा, असा हा क्रम आहे. जेथे जमीन होकार देत नाही तेथेही कथा टाकून न देता ती कोणासाठी सांगितली जाते हे पाहावे.

८. समारोप

या कामाची निकड कशात आहे हे घाटावर आज कोणासही दिसू शकते. २०१७ नंतर तलावांचे खोलीकरण करून निघालेली माती व मुरूम महामार्गांच्या कामी लावण्याची रीत 'बुलढाणा पॅटर्न' या नावाने गाजली. २०१८ मध्ये जिल्ह्यात यंत्रांनी गाळ काढण्याची मोठी मोहीम झाली. मेहकर व सिंदखेडराजा भागांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. लोणार सरोवर २००० मध्ये अभयारण्य झाले व २०२० मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. यांतील प्रत्येक गोष्टीचे इष्टानिष्टत्व ठरविणे हे येथे प्रयोजन नाही. पाणीटंचाईच्या प्रदेशात तलावाची खोली वाढणे हे लोकांच्या हिताचेच आहे. मात्र जुना बांध, सांडवा व काठ यंत्राने पालटला म्हणजे ज्या खुणांवर बोट ठेवून कथा सांगितली जात असे त्या खुणा नाहीशा होतात. आणि खुणेवाचून श्रमाची स्मृती टिकत नाही, केवळ कर्त्याची कथा टिकते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण घाटावरच्या वा घाटाखालच्या खेड्यांतूनच येतात. प्रत्येकाने आपल्या गावातील एका तळ्याची, एका बारवेची अथवा एका नाला बांधाची वरील रीतीने नोंद केली, तर काही वर्षांत जिल्ह्याच्या भूमीचा असा एक संग्रह सिद्ध होईल, जो आजवरच्या कोणत्याही दफ्तरात नाही. त्या संग्रहात राजे, मंत्री व दैत्य यांना त्यांची जागा राहीलच. परंतु ज्यांच्या डोक्यावरून ती माती गेली, त्यांची नावेही तेथे प्रथमच लिहिली जातील. राजवाड्यांच्या पिढीने जुने कागद वाळवीच्या तोंडातून सोडवून आणले. घाटावर आज जे सोडवावयाचे आहे ते कागदावर नाही, माणसांच्या मुखी आहे. आणि त्यास अवधी कागदाहून थोडा आहे.